मुंग्या दिसल्या? थांबा, हळद टाकू नका! बकव्हीटवरच्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या

ज्यांना लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात दोन-तीन गोष्टी सुटल्या होत्या, त्या इथे भरल्या आहेत.

तर आजची गोष्ट सुरू होते मुंग्यांपासून.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली होती. मी राहते टॉरन्सला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. समुद्र इथून तीनेक किलोमीटरवर. घर लहान, मागच्या दाराशी चार-पाच कुंड्या मावतील एवढीच जागा. आई सांगलीची. तिचं बालपण शेतात गेलेलं, त्यामुळे सकाळचा चहा ती कुंड्यांपाशी उभी राहूनच घेते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाहेरून तिचा आवाज आला, "अगं, तुझ्या झाडाला मुंग्या लागल्यात. मावा पडला असणार. हळद कुठे ठेवलीयेस?"

मी तशीच अनवाणी बाहेर पळाले. फुलांच्या एका गुच्छावर चार-पाच मुंग्या होत्या, पण मावा कुठेच नव्हता. मुंग्या एकाच जागी घोटाळत होत्या. फोनचा कॅमेरा जवळ नेला, झूम केलं, तर दोन कळ्यांच्या मधे भिजवलेल्या मुगाच्या डाळीसारखं काहीतरी दिसलं. वरून फुगीर, खालून सपाट, रंग फिकट हिरवा. आणि ते हळूच पुढे सरकलं.

आईने चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही तर शेंगेतली अळी! आपल्या तुरीवर असते तशी."

मंडळी, आई जवळजवळ बरोबर होती. तुरीच्या, वालाच्या, चवळीच्या फुलांत आणि शेंगांत 'पी ब्लू' नावाच्या निळ्या फुलपाखराची अळी सापडते. माझ्या कुंडीतली अळी त्याच मोठ्या कुळातली होती. या कुळाचं नाव लायसेनिडी. नखाएवढी छोटी फुलपाखरं, त्यातली बरीचशी निळी. म्हणून इंग्रजीत त्यांना नुसतं 'ब्लूज' म्हणतात.

पण 'एक निळं फुलपाखरू' एवढं उत्तर मला पुरणार नव्हतं. मी राहते त्या भागात एक निळं फुलपाखरू असं आहे, की त्याची अळी घरात आणणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याच बकव्हीटवर दुसरं एक निळं फुलपाखरू असं आहे, की ते कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर दिसतं. दोघांच्याही अळ्या बारीक, लव असलेल्या, मुंग्यांनी वेढलेल्या. मग हातातली कोणाची, हे ठरवायचं कसं?

बकव्हीट म्हणजे आपला कुट्टू नव्हे

आधी झाडाबद्दल बोलू. बकव्हीट म्हटलं की आपल्याला उपवासाचं कुट्टूचं पीठ आठवतं. आईनेही विचारलंच, "ह्याचं पीठ करतात का गं?" नाही करत. कुट्टू वेगळा आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडे उगवणारं रानटी बकव्हीट वेगळं. त्याचं शास्त्रीय नाव एरिओगोनम. दोघं एकाच कुळातले, म्हणून नाव सारखं पडलं. आपला आंबट चुकाही याच कुळातला, म्हणजे नात्यात सगळे आहेत, पण भाजी एकाचीच होते.

एरिओगोनमच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या एकट्या कॅलिफोर्नियातच शंभरावर. माझ्या दारात त्यातल्या दोन होत्या.

पहिल्या कुंडीत कॅलिफोर्निया बकव्हीट. याची पानं अरुंद, सुईसारखी, कडा खाली वळलेल्या, आणि फांदीवर झुपक्याने येतात. रोझमेरी पाहिली असेल तर तसंच काहीसं. फुलं पांढरी-गुलाबी, वाळली की गंजल्यासारखी तांबूस होतात. डोंगरउतारावर, हायवेच्या कडेला सगळीकडे हे दिसतं.

दुसऱ्या कुंडीत सीक्लिफ बकव्हीट. हे समुद्रकाठचं. पानं छोटी, जाडसर, गोल-तिकोनी. वरून हिरवीगार, आणि उलटून पाहिलं तर खाली पांढरी लोकर. फुलांचे गेंद भर उन्हाळ्यात भरास येतात.

अळ्या दोन्ही कुंड्यांत होत्या. पहिल्या कुंडीत मी शोधून शोधून सहा मोजल्या, दुसरीत तीन. दोन्हीकडे मुंग्या. फरक असलाच तर फक्त झाडाचा.

आणि तोच फरक महत्त्वाचा होता. या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधी झाड ओळखा, मग अळी. का, ते सांगते.

विमानतळाने केलेली चूक

लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून विमान उडालं की ते बहुतेक वेळा पश्चिमेला, थेट समुद्रावर जातं. तुम्ही किंवा तुमचे आईबाबा इथून गेले असाल तर खिडकीतून धावपट्टी आणि समुद्र यांच्यामधला एक वाळूचा पट्टा पाहिला असेल. त्यात रिकामे रस्ते दिसतात, पण एकही घर दिसत नाही. तिथे एकेकाळी सर्फरिज नावाची वस्ती होती. जेट विमानं आली, आवाज असह्य झाला, आणि १९६०-७०च्या दशकांत घरं ताब्यात घेऊन पाडली गेली. रस्ते तसेच राहिले.

त्या वाळूत 'एल सेगुंडो ब्लू' नावाचं एक फुलपाखरू तगून होतं. पंख पसरले तरी जेमतेम इंचभर. एल सेगुंडो हे विमानतळाच्या शेजारचं गाव. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'दुसरा', कारण १९११ साली तिथे स्टँडर्ड ऑइल कंपनीची कॅलिफोर्नियातली दुसरी रिफायनरी उभी राहिली. या फुलपाखराला १९७६ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतलं गेलं. कायद्याचं असं संरक्षण मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या काही कीटकांत त्याचा नंबर लागतो.

हे फुलपाखरू आपलं सगळं आयुष्य एकाच झाडावर काढतं, ते म्हणजे सीक्लिफ बकव्हीट. मादी अंडी घालते त्याच्या फुलांच्या गेंदात, अळी खाते ती फुलं आणि बिया, प्रौढ फुलपाखरू मध पितं त्याच फुलांचा, आणि कोष होतो त्याच झाडाखालच्या वाळूत आणि पालापाचोळ्यात. वर्षाला पिढी एकच. फुलपाखरं उडतात साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे हे झाड फुलतं तेव्हा.

आता चूक बघा. १९७०च्या दशकात विमानतळालगतच्या त्या वाळूच्या एका भागावर पुन्हा झाडोरा लावायचा ठरलं. हेतू चांगलाच होता. पण बियाण्यांत जे बकव्हीट आलं, ते होतं कॅलिफोर्निया बकव्हीट. माझ्या पहिल्या कुंडीतलं! नाव बकव्हीट, दिसायला देखणं, स्थानिक रोप म्हणून विकलं जाणारं. फक्त ते त्या वाळूतलं नव्हतं.

झालं काय, की हे झाड लवकर फुलतं. त्या लवकरच्या फुलांवर काही पतंगांच्या अळ्या आयत्या पोसल्या गेल्या, त्यांची संख्या वाढली, आणि पुढे सीक्लिफ बकव्हीट फुललं तेव्हा त्याच अळ्यांनी तिथल्या गेंदांवर धाड घातली. एल सेगुंडो ब्लूच्या अळ्यांच्या तोंडचा घास गेला. मदत म्हणून लावलेलं झाड मुळावर उठलं.

पुढे रूडी मॅटोनी या फुलपाखरू-शास्त्रज्ञाने आणि इतरांनी हे लक्षात आणून दिलं. चुकीचं बकव्हीट उपटलं गेलं, बरोबर बकव्हीट लावलं गेलं. काही शेकड्यांवर आलेली फुलपाखरं पुन्हा हजारोंच्या घरात गेली. रेडोंडो आणि टॉरन्सच्या समुद्रकड्यांवर सीक्लिफ बकव्हीट परत लावल्यावर तर २००७ साली हे फुलपाखरू तिथे आपणहून आलं. कोणी आणून सोडलं नव्हतं. झाड आलं, मागोमाग पाहुणा आला.

टॉरन्स. म्हणजे माझं गाव! आता कळलं ना, दुसऱ्या कुंडीसमोर मी का थबकले ते?

अळी ओळखताना काय बघायचं

सगळ्यात आधी ती निळ्यांपैकी आहे का, हे बघा. फोन पुरेसा आहे, क्लिपवाली मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. शेजारी पट्टी धरून फोटो काढा, कारण झूम केलं की तीन मिलिमीटर आणि तेरा मिलिमीटर सारखेच दिसतात.

आकार मघाशी सांगितलाच, मुगाची डाळ. डोकं शोधायला गेलात तर दिसणार नाही, ते पुढच्या वळीखाली दडलेलं असतं आणि खाताना तेवढं बाहेर येतं. पाय आखूड, त्यामुळे अळी चालत नाही, घसरते असं वाटतं. अळी पाठीची कमान करून, वीत मोजल्यासारखी चालत असेल तर ती उंटअळी, म्हणजे पतंगाची. बकव्हीटवर त्याही असतात. आणि अंगावर केसांचे स्पष्ट झुपके असलेली जांभळट-करडी अळी दिसली, तर ती मॉर्मन मेटलमार्क या वेगळ्या कुळातल्या फुलपाखराची असू शकते.

दुसरी खूण मुंग्या. बऱ्याच निळ्यांच्या अळ्यांच्या पाठीवर, शेपटीकडच्या बाजूला एक मधग्रंथी असते. मुंगीने मिशांनी टकटक केली की त्यातून गोड थेंब येतो. मुंगीला खाऊ, अळीला पहारेकरी. गांधीलमाश्या आणि कोळी मग जरा लांबच राहतात. म्हणून शीर्षकात म्हटलं, हळद टाकू नका. मुंग्या हटवल्या तर पहारा उठला.

तिसरी खूण नुकसानीची. फुलांचा गेंद नीट बघा. कळीला बारीक गोल भोक, आतलं पोखरलेलं, आणि खालच्या पानांवर खसखशीसारखी विष्ठा. वर अळी नक्की आहे.

आता जे बघायचं नाही ते सांगते. रंगावर जाऊ नका. फुलं खाणाऱ्या या अळ्या रंग बदलून असतात. एल सेगुंडो ब्लूची अळी पांढरट, पिवळसर ते तांबूस, कशीही असू शकते. माझ्या पहिल्या कुंडीत एकाच झाडावर हिरवी आणि गुलाबी झाक असलेली, अशा दोन्ही होत्या. ग्रे हेअरस्ट्रीक म्हणून आणखी एक फुलपाखरू आहे, ते डझनावारी झाडांवर वाढतं, बकव्हीटवरही. त्याचीही अळी मुगाची डाळच! नुसता अळीचा फोटो दाखवून कोणी छातीठोक नाव सांगितलं, तर मी आधी विचारते, "झाड कोणतं होतं?"

सहा अळ्या, सहा डब्या

पहिल्या कुंडीतल्या अळ्यांबद्दल मला खात्री होती, की त्या एल सेगुंडो ब्लूच्या नाहीत. झाडच वेगळं. बहुधा अ‍ॅक्मॉन ब्लू असणार, ते इथलं अगदी सामान्य फुलपाखरू. कुंडी माझी, दार माझं. म्हणून सहाही अळ्या घरात आणल्या. सार्वजनिक बागेत किंवा राखीव जागेत असं करायचं नाही, तिथे परवानगी लागते.

मी काय केलं आणि कुठे चुकले, दोन्ही सांगते.

अळी बोटाने उचलायची नाही. ती बसलेला फुलांचा गेंदच कात्रीने कापायचा. अगदीच हलवायची वेळ आली तर वॉटरकलरचा मऊ ब्रश. देठाला ओला कापूस आणि वर फॉइल गुंडाळायचं, म्हणजे फुलं दीड-दोन दिवस टिकतात. पाण्याची उघडी वाटी ठेवायची नाही, अळी त्यात पडून बुडते. आईच्या औषधांच्या रिकाम्या, पारदर्शक झाकणाच्या डब्या होत्या, त्या धुऊन तळाला टिश्यू पेपर घातला.

पहिली चूक: डब्या चार आणि अळ्या सहा. दोन डब्यांत दोन-दोन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एका डबीत एकच अळी होती. झाकण घट्ट होतं, पळून जायला जागा नव्हती. आईने डबी उन्हाकडे धरून पाहिली आणि हळूच म्हणाली, "खाल्लं गं तिने तिला." निळ्यांच्या अळ्या एकमेकींना खातात, विशेषतः जागा थोडी आणि खाणं कमी असेल तर. त्या दिवशी आणखी दोन डब्या धुतल्या गेल्या. एक अळी, एक डबी.

दुसरी चूक ओलाव्याची. झाकणाला आतून घाम धरत होता, मला वाटलं बरंच आहे, फुलं ताजी राहतील. पाचव्या दिवशी एका डबीत बुरशी आली आणि अळी मऊ पडली. तेव्हापासून झाकणाला सुईने भोकं, रोज टिश्यू बदलायचा, विष्ठा झटकायची, डबी उन्हापासून लांब. हे काम रोज सकाळी आईने घेतलं. चहा, मग डब्या, मग देवपूजा.

तिसरी गोष्ट माझी चूक नव्हती. एक अळी खायची थांबली, आणि दोन दिवसांनी तिच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष दिसला. आठवडाभराने त्यातून बाहेर आली एक इवलीशी गांधीलमाशी. परजीवी. तिच्या आईने अळीच्या अंगात आधीच अंडं घातलेलं होतं. रानात वाढलेल्या अळ्या पाळल्या की हे होणारच. वाईट वाटतं, पण ती माशीही त्या झाडाचीच. आम्ही तिला बाहेर सोडलं.

राहिल्या तीन. अळी एक-दोन दिवस निपचित बसली तर मेली समजून हलवू नका, ती कात टाकत असते. पूर्ण वाढलेली अळी सेंटीमीटरभर, फार तर थोडी जास्त. मग ती खाणं सोडते, जरा आखूड होते आणि टिश्यूच्या घडीत जाऊन कोष करते. कोष झाल्यावर डबीत एक खरखरीत काडी तिरकी ठेवायची. बाहेर आलेल्या फुलपाखराला वर चढून पंख खाली लोंबवायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेले वाळतात आणि ते कधीच उडत नाही.

उत्तर पंखांच्या खालच्या बाजूला होतं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन नर आणि एक मादी बाहेर आली. नर वरून निळे-जांभळे, मादी तपकिरी. आई हिरमुसली, "ही कसली निळी?" निळ्यांमध्ये मादी बऱ्याचदा तपकिरीच असते.

आता खरी ओळख. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचा बाजूने फोटो काढा. दोन्ही जातींत मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, कडेलगत नारिंगी पट्टा आणि काळे ठिपके असतात. अ‍ॅक्मॉनच्या त्या कडेच्या ठिपक्यांत चमकी असते, साडीवरच्या टिकलीसारखी निळी-हिरवी धातूची चकाकी. एल सेगुंडो ब्लू आणि त्याच्या भावंडांत ती चमकी नसते, ठिपके ठळक पण साधे. शिवाय अ‍ॅक्मॉनच्या नराला मागच्या पंखावर वरूनही नारिंगी-गुलाबी पट्टा स्पष्ट दिसतो.

आमच्या तिघांनाही चमकी होती. अ‍ॅक्मॉन ब्लू, नक्की. ऊन तापल्यावर त्याच कुंडीपाशी त्यांना सोडलं. जिथून आणलं तिथेच सोडायचं, दुसऱ्या गावात नाही.

तुम्ही फोटो आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर टाकलेत तर जाणकार ओळखायला मदत करतात. झाडाचा, पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा, अळीचा, मिटलेल्या पंखांचा, असे सगळे फोटो एकत्र टाका. संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण ते अ‍ॅप स्वतःच झाकून टाकतं, म्हणजे कोणी माग काढत येत नाही.

आणि दुसरी कुंडी?

दुसऱ्या कुंडीतल्या तीन अळ्यांना मी हात लावला नाही. यावरून आमच्या घरात भांडण झालं.

आईचं म्हणणं सरळ होतं. "आतल्या जगतात, बाहेरच्या मरतात. भिंतीवर तो सरडा बसलेला असतो, दिसत नाही तुला? आण त्यांनाही आत." मी सांगितलं, की झाड सीक्लिफ बकव्हीट आहे, महिना जुलै आहे, समुद्र जवळ आहे. या अ‍ॅक्मॉनच्या असतील, हेअरस्ट्रीकच्याही असतील, पण एल सेगुंडो ब्लूच्या असूच शकत नाहीत असं मी म्हणू शकत नाही. तसं असेल तर १९७३च्या कायद्याप्रमाणे त्यांना पकडणं, नेणं, त्रास देणं, सगळं बेकायदेशीर. अंडी, अळी, कोष, सगळ्यांना तो लागू. त्यासाठी सरकारचा परवाना लागतो.

"कायदा अळी वाचवायला आहे ना? मग मी तेच करतेय," आई म्हणाली.

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी तीनच्या दोन अळ्या झाल्या. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

उत्तर मला सुचलं ते डब्या धुताना. आमच्या सहापैकी तीन मेल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या चुकीने. अ‍ॅक्मॉनच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात, तीन गेल्या तर भरून निघतात. एल सेगुंडो ब्लूची पिढी वर्षाला एक. अळी तीनेक आठवड्यांत वाढते, मग झाडाखाली मातीत कोष, आणि तो थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, कधीकधी दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही तसाच पडून राहतो. माझ्या टिश्यू पेपरच्या डबीत तो दोन वर्षं कसा टिकवणार? ओलावा किती, थंडी किती, कोण बघणार? हे काम करणारे लोक आहेत. इथल्याच पालोस व्हर्डिस ब्लूचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात ते संपलं असं समजलं गेलं, १९९४ला पुन्हा सापडलं, आणि आता परवाना असलेले लोक ते पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात. त्यांनाही तंत्र बसवायला वर्षं लागली.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण काहीच करायचं नाही?"

करायचं. जे झाडासाठी करता येतं ते. कुंडी हलवली नाही. औषध मारलं नाही. नवीन रोप आणलं तेव्हा नर्सरीत विचारून घेतलं, की मुळांतून झाडभर पसरणारं कीटकनाशक दिलेलं नाही ना. कारण फुलं दिसतात ताजी आणि खाल्लेली अळी मरते. मुंग्यांना येऊ दिलं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: झाडाखालचा पालापाचोळा झाडला नाही. आईला तर अंगण झाडल्याशिवाय चैन पडत नाही. पण त्या एका कुंडीभोवती तिने खडूने रेघ मारली आणि केरसुणी तिथे थांबवली.

ऑगस्टच्या अखेरीस दोन्ही अळ्या दिसेनाशा झाल्या. सरड्याने खाल्ल्या की खाली मातीत उतरल्या, हे बघायला कुंडी उकरावी लागेल. ती मी उकरलेली नाही.

सप्टेंबरमध्ये आई परत गेली. आता दर रविवारी फोन करते. तब्येत, पाऊस, शेजाऱ्यांकडचं लग्न, सगळं झालं की शेवटी विचारतेच, "कुंडी उकरली नाहीस ना?"

जून यायला अजून दोन महिने आहेत. झाडाला नवी पालवी आली आहे, खाली पाचोळा तसाच आहे. यंदा काही उडालं तर मी आधी पंखांच्या खालची बाजू बघेन. नाही उडालं तर कुंडी आणखी एक वर्ष तशीच राहील.

तर मंडळी, तुमच्या खिडकीत, गच्चीत, शेताच्या बांधावर मुंग्यांनी वेढलेली मुगाची डाळ दिसली तर काय करायचं? आधी झाडाचं नाव शोधा. लिंबावर, तुरीवर, चित्रकावर, आपल्याकडेही निळ्यांच्या अळ्या सापडतात, आणि भारतातही काही फुलपाखरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. झाड कळलं की निम्मी अळी ओळखली. आणि शंका असेल तर फोटो काढा, अळी तिथेच राहू द्या.

तुमच्याकडच्या अळ्यांचे फोटो पाठवा, फक्त झाडाचाही फोटो जोडा हं! पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या आणि एखादा कोपरा न झाडता ठेवा.